काकूंचा डबा: १७ नंबर ते ४१ नंबर

इंदूरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर महिना-दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, की लोकमान्य नगरच्या बाजूला त्या मराठी काकू डबा देतात ना, कसा असतो, आणि मी दरवेळी "छान आहे, घ्या" एवढं टाकून मोकळी होते. परवा मात्र एका मुलीने विचारलं, तिचं बाळ पाच महिन्यांचं आहे, पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू होतंय आणि स्वयंपाकाचं काय करायचं ते तिला खरंच सुचत नाहीये. तिला नुसतं "छान आहे" लिहिणं मला बरोबर वाटेना, कारण पंधरा वर्षांपूर्वी मी अगदी तिच्याच जागी होते. म्हणून नीट लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

आधी कामाचं सांगते. शुद्ध शाकाहारी, घरगुती, स्टीलचा तीन पुडांचा, म्हणजे तीन कप्प्यांचा डबा. चार पोळ्या, एक भाजी, आमटी किंवा उसळ, थोडा भात, आणि झाकणात चटणी नाहीतर कोशिंबीर. एका वेळचा महिन्याचा रेट आत्ता २८०० रुपये, नुसत्या पोळ्या हव्या असतील तर ८ रुपयाला एक. सकाळचा डबा साडेआठ ते सव्वानऊ, संध्याकाळचा सव्वासात ते आठ. रविवारी संध्याकाळी बंद, महालक्ष्म्यांचे तीन दिवस बंद, दिवाळीत पाच दिवस बंद. ॲप वगैरे काही नाही. सकाळी फोन केला तर उचलत नाहीत, हात कणकेत असतात.

चवीचं म्हणाल तर पोळी ही त्यांची खरी कला आहे. घडीची पोळी, उघडली की पदर वेगळे होतात, कडा कडक नसते, सुती फडक्यात गुंडाळून देतात त्यामुळे वाफेने ओली होत नाही आणि दुपारी दोनला ऑफिसमध्ये उघडली तरी हाताने तुटते, ओढावी लागत नाही. थंडीत बटल्याची (मटारची) उसळ, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, उन्हाळ्यात कैरीचा मेथांबा. आमटी चिंचगुळाची, आणि तिच्यात गोडा मसाला नावाला नसतो, खरंच असतो. तळणीचं काही करत नाहीत, एकदा गराडू (तळलेला कंद) कराल का म्हणून विचारलं तर म्हणाल्या ते सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन गरम खा, डब्यात ते मरतं.

पण मी हे सगळं ज्यासाठी लिहितेय ते वेगळंच आहे. काकूंकडे मेनू कार्ड नाही. डबा लावायला गेलं की त्या आधी विचारतात, "सध्या घरी काय चालू आहे तुझ्या?" आणि जे सांगाल त्यावरून डबा ठरतो. माझं हे चार वेळा झालंय, चार वेगळ्या वयांत, आणि चारही वेळा डबा वेगळा निघाला.

पहिल्यांदा २००१ मध्ये. मी बुऱ्हाणपूरहून इंदूरला एमबीएसाठी आले होते, युनिव्हर्सिटीच्या खंडवा रोडच्या कॅम्पसला, आणि राहायला भंवरकुआंला पीजी. तेव्हा काका लूनावर डबे पोचवायचे, दोन्हीकडे पिशव्या लटकवून. माझ्या डब्यावर लाल ऑइलपेंटने १७ लिहिलेलं होतं. महिन्याचे ६०० रुपये. मी रेट विचारला तर काकू म्हणाल्या, "ते सांगते, आधी सांग परीक्षा कधी असतात आणि रात्री जागून अभ्यास करतेस की पहाटे उठून?" मी म्हटलं जागून. मग परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळच्या डब्याच्या वर एक छोटी डबी यायची, कधी दाण्याचा लाडू, कधी भाजके पोहे, कधी दशमी. घर सोडून पहिल्यांदाच राहत होते, रात्री दीड वाजता ती डबी उघडायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायचं.

नंतर विजय नगरला एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी लागली आणि मी डबा बंद केला. हातात पगार होता, मैत्रिणी होत्या, खायला-फिरायला छप्पन दुकानची खाऊगल्ली होती. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, ऑफिसमध्ये दहा तास बसायचे आणि मला ते आवडायचं. कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं. आजच्या मुलींनाही मी तेच सांगते की त्या वयात काम भरपूर करावंसं वाटलं तर करा, त्यात गैर काही नाही.

२००७ मध्ये लग्न झालं, सुदामा नगरला आले. सासूबाई शाळेत शिक्षिका. पहाटे साडेचारला उठून सगळा स्वयंपाक करून सातच्या आत शाळेत जाणाऱ्या. आमच्या घरात पोळ्या विकत आणायची गोष्ट कोणी बोललंसुद्धा नव्हतं. बाहेरून भाजी आली तर चालेल, श्रीखंड आलं तर चालेल, पण पोळी घरचीच. माझ्या माहेरीही तेच होतं, मलाही ते तसंच वाटायचं, दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये लेक झाली. तेव्हा मॅटर्निटी लीव्ह १२ आठवडे होती, १९६१ च्या कायद्याप्रमाणे. त्यातले तीन आठवडे माझे आधीच गेले होते कारण डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितला होता. म्हणजे लेक नऊ आठवड्यांची असताना मी पुन्हा ऑफिसात. एकीकडे सगळे सांगतात की सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या, जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते, आणि दुसरीकडे रजा बारा आठवड्यांची, या दोन गोष्टी एका बाईने जोडायच्या कशा हे तेव्हा कोणी सांगत नव्हतं. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली तेव्हा मला दुसऱ्यांसाठी मनापासून आनंद झाला, आणि रडूही आलं, ते का आलं ते बायांना कळेल.

माझी आई सव्वा महिना राहून बुऱ्हाणपूरला परत गेली. दिवसा लेकीला सांभाळायला एक मावशी यायच्या, त्या साडेआठला. आणि मार्च म्हणजे अकाउंट्सवाल्यांचा इयर एंड. एक सकाळ मला स्पष्ट आठवते, सहा वाजले होते, अर्धी कणीक भिजवलेली, लेक आत रडायला लागली, तिच्या आवाजासरशी माझा गाऊन पुढून ओला झाला, हात कणकेचे, नळ चालू, आणि मी ओट्याखाली फरशीवर बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही.  सासूबाई निघायच्या गडबडीत होत्या, त्या म्हणाल्या, "अगं एवढं काय, आम्ही केलंच की." त्या रागाने नाही म्हणाल्या, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्या शनिवारी मी काकूंकडे गेले. सात-आठ वर्षांनी. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, "सतरा नंबर ना तू?"

मी म्हटलं काकू, मला एकटीला दुपारचा डबा हवाय, घरी सकाळी जमत नाहीये. त्यांनी विचारलं घरात कितीजण, लेक किती वाजता दूध घेते, मी किती वाजता निघते, सासूबाई किती वाजता निघतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकटीचा डबा मी देणार नाही. एकटीचा दिला तर बाकीच्यांसाठी तू पुन्हा पोळपाट मांडशीलच. सगळ्यांच्या पोळ्या घे, नाहीतर कोणाच्याच नको." मी गप्पच बसले. मला कोणी असं सांगितलंच नव्हतं. मी आपली स्वतःपुरती सूट मागायला गेले होते, त्यांनी पोळपाटच उचलून ठेवला.

तर सकाळच्या चौदा पोळ्या, आणि माझ्यासाठी वेगळा बाळंतिणीचा पूड. त्यात बाजरीची भाकरी तूप लावून, शेपूची भाजी, लसणाची चटणी, आणि कागदात गुंडाळलेले दोन अळिवाचे लाडू, एक अकरा वाजता खायचा, एक चार वाजता. काकू आमच्या मावशींकरवी निरोप पाठवून विचारायच्या, खाल्ला का म्हणून. १७ नंबर तोवर दुसऱ्या कोणाला गेला होता. मला ४१ मिळाला, तोच आजपर्यंत आहे.

सासूबाईंना ते लागलं. पहिले दोन दिवस त्यांनी स्वतःपुरत्या दोन पोळ्या लाटल्या आणि काकूंच्या पोळ्यांना हात लावला नाही. मीही काही बोलले नाही, नवरा मध्ये पडायला गेला तर त्याला म्हटलं राहू दे. पुढे त्या खायला लागल्या पण गप्प खायच्या. मग त्याच वर्षी दिवाळीनंतर एक दिवस, सकाळी पावणेआठची वेळ, मी चहा घेऊन स्वयंपाकघरात फरशीवर बसले होते, लेक ओट्याला धरून उभी होती आणि तिने हात सोडला, तीन पावलं टाकली आणि माझ्या मांडीत पडली. सासूबाईंना त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, दारातच उभ्या होत्या. दुपारी मटार सोलता सोलता त्या एकदम म्हणाल्या, "हा कधी चालायला लागला ते मला माहीतच नाही गं. मी शाळेत होते. शेजारच्या वहिनींनी सांगितलं, तुमचा मुलगा चालला म्हणून." एवढंच. नंतर पुन्हा तो विषय आम्ही काढला नाही, पण तेव्हापासून डबा यायला उशीर झाला की फाटकाशी जाऊन त्याच उभ्या राहायच्या.

आता हिशोब सांगते, कारण मी अकाउंट्सची बाई आहे. चौदा पोळ्या म्हणजे कणीक भिजवणं, लाटणं, भाजणं, पोळपाट-लाटणं धुणं, ओट्यावरचं पीठ पुसणं, सगळं धरून माझी पन्नास मिनिटं जायची. रोजची पन्नास. सरकारचा टाइम यूज सर्व्हे असतो, २०२४ च्या त्या सर्व्हेत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणजे जवळजवळ पाच तास, नोकरी असो नसो, आणि त्यातली बरीचशी सकाळच्या त्याच दोन तासांत कोंबलेली असतात जेव्हा बाळाला, शाळेला, ऑफिसला सगळ्यांना आपण एकदमच हव्या असतो. त्या २८९ मधली ५० मिनिटं मी विकत घेतली. लेकीची पहिली पावलं त्या पन्नास मिनिटांतली आहेत, म्हणून मला त्या पैशांचं आजपर्यंत वाईट वाटलेलं नाही.

तिसरा डबा लेक शाळेत जायला लागल्यावरचा. प्रमोशन झालं होतं, संध्याकाळी घरी पोचायला साडेसात व्हायचे, म्हणून मी दोन्ही वेळचा पूर्ण डबा मागायला गेले. काकूंनी विचारलं लेक किती वाजता झोपते. म्हटलं साडेनऊ. मग म्हणाल्या रात्रीच्या पोळ्या आणि आमटी देते, भाजी नुसती चिरून देईन, फोडणी तू घाल. मला तेव्हा राग आला होता, पैसे देतेय तर पूर्ण का नाही. पण झालं असं की ती दहा मिनिटं लेक ओट्यावर बसून मोहरी टाकायची, तडतडली की ओरडायची, आणि शाळेत काय झालं ते सगळं त्या दहा मिनिटांत बाहेर यायचं, समोर बसवून विचारलं तर एक अक्षर सांगत नसे. चिरलेली भाजी त्या अजूनही देतात, कोणाला हवी असेल तर विचारा, रेट भाजीप्रमाणे बदलतो.

याच वर्षांतल्या तक्रारीही आहेत, त्याही लिहायला हव्यात. काकांनी लूना सोडल्यावर डिलिव्हरीला जो मुलगा ठेवला तो पावसात हमखास उशीर करायचा, दोनदा डबा आलाच नाही आणि लेक बिस्किटाचा पुडा घेऊन शाळेत गेली, मला ऑफिसमध्ये दिवसभर तेच डोक्यात. काकूंनी त्या दोन दिवसांचे पैसे कापून दिले, पण लेकीच्या डब्याचं पैशांनी काय होणार. आता वेगळा माणूस आहे, तो वेळेवर येतो. दुसरं, उन्हाळ्यात गिलकी (घोसाळी) आणि दुधी आठवड्यातून चार वेळा येतात, मुलं कंटाळतात. तिसरं, मदतीच्या बाईने लाटलेली पोळी लगेच ओळखू येते, जाड असते. डबा धुऊनच परत द्यायचा, झाकण हरवलं तर ५० रुपये.

२०२० मध्ये लॉकडाऊनला सगळंच बंद झालं. त्या काळात नवरा पोळ्या शिकला, पहिले पंधरा दिवस वाईट, मग चांगल्या. रविवारची संध्याकाळ तेव्हापासून त्याची आहे.

आणि मग २०२२. जानेवारीत काकूंचा मेसेज आला की गुडघ्याचं ऑपरेशन आहे, एप्रिलपर्यंत डबा बंद. जानेवारी ते एप्रिल! माझा इयर एंड, लेकीच्या परीक्षा. मी खूप चिडले, नवऱ्यापुढे बोललेही की धंदा करायचा तर पर्यायी माणूस तयार ठेवायला नको का. तीन महिने दुसरीकडून डबा लावला, तेल वर तरंगायचं, पोळी पुठ्ठ्यासारखी, सोडून दिला.

फेब्रुवारीत काकूंना बघायला गेले. पलंगावर पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना कणकेशिवाय बघितलं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं डबा कसा सुरू झाला ते. इंदूरच्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या ते दिवस. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली, काका त्याच भागातल्या दुसऱ्या एका मिलमध्ये होते, तीही बसली. घरात दोन लहान मुलं. काकूंनी १९९२ मध्ये चार डब्यांनी सुरुवात केली, कारण मुलं शाळेतून यायच्या आत चारच व्हायचे. मुलं मोठी झाली तसे पंचवीस केले, कॉलेजच्या फिया भरायच्या होत्या तेव्हा पासष्ट, मदतीला दोन बायका. सून आली, नातू झाला, तेव्हा पुन्हा चाळीसवर आणले कारण सुनेला तिच्या नोकरीवर जायचं होतं आणि नातवाजवळ कोणीतरी हवं होतं. मी म्हटलं काकू, इतकं नाव आहे, शंभर सहज झाले असते. त्या म्हणाल्या, "तेव्हा पैसा हवा होता, आता गुडघा हवाय."

मी घरी येताना स्कूटर चालवत तेच घोळवत होते. मधली काही वर्षं सोडली तर वीस वर्षांपासून मी त्यांचा डबा खातेय, माझ्या प्रत्येक बदलाप्रमाणे त्यांनी डबा बदलला, आणि त्यांचं स्वतःचंही आयुष्य तसंच चार-पंचवीस-पासष्ट-चाळीस असं बदलत गेलं हे मला एकदाही दिसलं नाही. मी फक्त सव्वानऊ वाजले का ते बघत होते. हल्ली लोक वर्क-लाइफ बॅलन्स म्हणतात तेव्हा असं बोलतात जणू तराजू एकदा नीट लावला की झालं. काकूंनी दर पाच-सात वर्षांनी तराजू उचलून दुसरीकडे ठेवला, आणि आधी जे केलं ते चुकलं असं कधी म्हणाल्या नाहीत. एप्रिलमध्ये पुन्हा सुरू केलं ते तीस डब्यांवर. आजही तीसच.

चौथा डबा आत्ताचा. मी आता पंचेचाळीसची आहे. गेल्या वर्षापासून रात्री तीनला जाग यायची, मानेखाली उशी भिजलेली, मग झोप नाही, आणि सकाळी ऑफिसात आकडे समोर असून डोक्यात शिरत नाहीत. एकदा जीएसटी रिटर्नमधली एक एन्ट्री राहिली, वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला वाटलं माझ्याकडून आता होणार नाही, राजीनामा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता. त्याच सुमारास सासूबाईंना पॅरालिसिसचा हलका झटका आला, उजवा हात अशक्त झाला, बीपीची गोळी वाढली, मीठ कमी करायला सांगितलं. आणि लेकीची दहावी. तिन्ही एकाच वर्षात.

काकूंनी विचारलं, "सध्या घरी काय चालू आहे?" मी सासूबाईंचं सांगितलं, लेकीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि तुझं?" मी म्हटलं माझं काही नाही, झोप येत नाही एवढंच. त्यांनी विचारलं पाळी नियमित आहे का. मग म्हणाल्या डबा नंतर ठरवू, आधी डॉक्टरकडे जा. खरं सांगते, तोपर्यंत मला हे सुचलंही नव्हतं, आमच्यात या गोष्टी कोणी बोलत नाही, आईने कधी सांगितलं नाही, सासूबाईंनी नाही. डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, मग नीट समजावलं की भारतात बायकांची पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, सलग बारा महिने आली नाही की मेनोपॉज म्हणतात, पण त्याआधीची काही वर्षं अशी वरखाली जातात, घाम, झोप, विसराळूपणा, चिडचिड, आणि त्यावर उपाय असतात, सहन करत बसायचं नसतं. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. राजीनामा ड्राफ्टमधून काढून टाकला. दोन महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागितलं आणि मिळालं, मागितल्याशिवाय मिळालं नसतं.

आता डबा असा आहे. आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी, तिळाची चटणी रोज, कारण या वयात हाडांना कॅल्शियम लागतं आणि १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. संध्याकाळची भाजी कमी तिखट, तिखट खाल्लं की मला रात्री जास्त घाम येतो. आमचा संध्याकाळचा डबा जरा आधी, सातला, आम्ही साडेसातला जेवून घेतो. सासूबाईंचा पूड वेगळा, पोळी मऊ, लहान, दूध घालून भिजवलेल्या कणकेची, डाव्या हाताने तुकडा मोडता यावा अशी. त्यांची आमटी बिनमिठाची, चव यायला आमसूल आणि वरून लिंबाची फोड, आणि दिवसाचं मीठ एका कागदाच्या पुडीत, पुडीवर पेन्सिलने "आजी" लिहिलेलं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ असं डब्ल्यूएचओ सांगते, म्हणजे चमचाभरसुद्धा जेमतेम, आणि आपल्याकडे लोणची-पापडातूनच तेवढं जातं. ती पुडी सासूबाई स्वतः उघडतात, थोडं घेतात, उरलेलं पुन्हा घडी घालून ठेवतात. आपल्या जेवणावर आपला हात आहे एवढं त्यांना पुरतं. एकदा पूड बदलला गेला आणि त्यांच्याकडे नेहमीच्या मिठाची आमटी आली, मी फोन करून बोलले, काकूंनी संध्याकाळी स्वतः येऊन बघितलं, तेव्हापासून त्या पुडाला पांढरा दोरा बांधलेला असतो.

आता ग्रुपवरच्या त्या मुलीसाठी. डबा लाव, पण एकटीचा नको, घरच्या सगळ्यांच्या पोळ्या घे. ऑफिसात पन्नास किंवा जास्त लोक असतील तर कायद्याप्रमाणे पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि बाळाला दिवसातून चार वेळा भेटायला जाता येतं, एचआरला लेखी विचार, तोंडी विचारलं की "बघू" म्हणतात. काकूंकडे तीसच डबे आहेत, त्यामुळे फोनवर "आता जागा नाही" ऐकू येईल. दुपारी चार ते पाचच्या मध्ये प्रत्यक्ष जा, तेव्हा त्यांचा चहा चालू असतो आणि त्या बोलायला मोकळ्या असतात. मेनू विचारू नको, घरातलं खरं ते सांग, झोप होते का, कोण मदत करतं, कोण करत नाही, सगळं. बाळाला घेऊन गेलीस तरी चालेल.

आणि अजून एक, लेकीची परीक्षा संपली की सासूबाई दोन महिने नणंदेकडे भोपाळला जाणार आहेत, तेवढे दिवस आमचा सकाळचा ४१ नंबर मोकळा आहे. मी काकूंना सांगून ठेवलंय की नवं बाळ असलेल्या घराला आधी द्या.